चुन्याच्या रेघेतलं चौथं अंडं

दैनंदिनी. वनरक्षक तोताराम, धरणकाठ चौकी, ता. चोपडा. २० मे १९८९. जलाशयाकाठी मुरमात टिटवीचे घरटे आढळले. अंडी चार. भोवती चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत कोणासही पाऊल टाकू देणार नाही.

शेवटचं वाक्य तोतारामने दोनदा वाचून पाहिलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं ते पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र म्हणजे एक धरण, एक चौकी आणि तोताराम. बदकं हिवाळ्यात येत आणि उन्हाळ्याआधी निघून जात. तोतारामला तशी सोय नव्हती. आता उन्हाळ्यातही राखायला काहीतरी सापडलं होतं.

राखायचं होतं ते गावापासून. टिटवीची जितकी अंडी, तितके महिने पाऊस, हे गावात पक्कं होतं. त्यामुळे रोज सकाळी भाईदास आबा आणि त्यांच्यामागे दहाबारा शेतकरी काठावर येत. मोजायचा मान आबांचा.

"चार शेतस," आबा म्हणाले. "चारी महिना पाणी."

"आबा, रेघेच्या आत पाय नको."

"पाय कसाले ठेवसू? डोया शेतस ना माले."

ठरलं. दोन जूनला अख्खं गाव कापसाची धूळपेरणी करणार. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. पाऊस वेळेवर आला तर कापूस लवकर हाती येतो. नाही आला तर बी मातीतच जळतं.

२४ मे. वाऱ्याने रेघ पुसट झाली. पुन्हा मारली. बंदोबस्त उत्तम.

उलट्या पावलांनी चालत, डब्यातून चुना सोडत तोताराम गोल फिरत होता. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडत होती. "अगं बाई, तुझंच करतोय," असं तो वर बघून तिला समजावत असताना त्याचा उजवा बूट रेघेच्या आत पडला.

आवाज मोठा नव्हता. पापड मोडावा तेवढाच. पाय उचलेपर्यंत काही झालेलं नाही असं धरून तोताराम बराच वेळ तसाच उभा राहिला. मग उचलला. तीन अंडी धड होती. चौथ्याचं जे काही उरलं होतं ते बुटाला होतं. तळावर काळा डागही पडला होता. तो दोनदा धुऊनही गेला नाही.

"एकाच पायात बूट?" खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घालता घालता त्याच्या बायकोने, सुनंदाबाईंनी विचारलं.

"दुसरा धुतलाय."

"कशानं भरला?"

तोतारामने सांगितलं. सुनंदाबाई थोडा वेळ बिबडेच सारखे करत राहिल्या. "गावाला सांगून टाका."

"काय सांगू? रेघ मारता मारता एक महिना तुडवला?"

"मग ठेवा कोंबडीचं. रहिमाबीच्या कोंबड्या अंडी लहानच देतात."

तोतारामने रहिमाबीकडे लहानात लहान अंडं मागितलं. कशाला, ते तिने विचारलंच नाही. अंडं हातावर ठेवत ती म्हणाली, "चहाच्या पाण्यात बुडवा भाऊ, मग काजळाचे ठिपके द्या. काजळ तेलात कालवा. पाण्यातलं टिकत नाही." तिला हे कसं कळलं, हे विचारायला तोतारामकडे तोंड नव्हतं.

२५ मे. अंडी चार. (पुढचा शब्द खोडलेला आहे.)

टिटवीने काहीच हरकत घेतली नाही. आबांनीही भराभर मोजली आणि ते निघाले. "गार्डसाहेब व्हतात म्हनीसन चारी वाचनात," असं त्या शेतकऱ्यांतला बन्सीलाल सगळ्यांदेखत म्हणाला आणि केळीची फणी चौकीवर ठेवून गेला. गावातल्या लताबाईंनी वांग्याचं भरीत पाठवलं. तोतारामने दोन्ही सुनंदाबाईंपुढे सरकवलं.

२६ मे ते ३१ मे. (कोरे.)

१ जूनच्या सकाळी तीन अंडी फुटून पिल्लं बाहेर आली, आणि ऊन तापायच्या आत टिटवी त्यांना घेऊन पाण्याकडे गेली. रेघेत एकटं चौथं अंडं राहिलं. संध्याकाळी अख्खं गाव रेघेभोवती उभं.

"आबा, एक महिना फुटना नही," बन्सीलाल म्हणाला.

"नही ते नही. पेरा तुम्ही."

"पन कोनता? पयलाच कोरडा गया तं बी जळी जाई."

"पेरा म्हनस ना मी."

"तुम्हीच सांगं व्हतं, जितला अंडा तितला महिना."

पेरणी थांबवावी असं कोणीतरी म्हणालं, आणि माना हलू लागल्या. सगळा हंगाम आपल्या बुटाला चिकटल्यासारखं तोतारामला वाटलं.

"ते टिटवीचं नाही," तो म्हणाला. "तिचं माझ्या पायाखाली आलं. हे रहिमाबीच्या कोंबडीचं आहे. मी रंगवून ठेवलं."

आता आबा काय बोलतात म्हणून तोताराम मान खाली घालून उभा राहिला. केळीत शेळी शिरली तर आठवडाभर शिव्या देणारे आबा हळूच म्हणाले, "पडस पाय. मानूसच शे."

शेळी घेऊन घरी निघालेली रहिमाबी रेघेपाशी थांबली. "गार्डभाऊ, पाय कोणत्या अंड्यावर पडला ते तरी बघा. माझी दोन गेलीत. एक तुम्ही नेलं. एक त्याच्या आधी आबांनी."

सगळे वळले. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तीनच व्हतात," ते म्हणाले. "मागला साल तीन देखीसन निम्मा गाव पेराले भिना. म्हनीसन तुम्हनी रेघना पयलेच एक ठी दिधं."

तोतारामला बुटावरचा काळा डाग आठवला. तेलातलं काजळ. म्हणजे टिटवीचं त्याने काहीच मोडलं नव्हतं. त्यामुळे लाज कमी होईल असं त्याला क्षणभर वाटलं, पण ती होती तिथेच राहिली.

"तीन तं तीन," बन्सीलाल शेवटी म्हणाला. "तीन्ही फुटनात ना?"

"फुटनात."

"मंग पेरू."

आणि गाव निघून गेलं. जाताना दोघांकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गार्डसाहेब," थोड्या वेळाने आबा म्हणाले, "हाई तुम्हनी वहीमा लिखू नका."

१ जून. टिटवी: अंडी तीन, पिल्ले तीन. कोंबडी: अंडी दोन. रेघेच्या आत पाऊल टाकणारे इसम: एक. त्याची सही खाली आहे.