सत्तरचे जयंतीभाई

तरुणपणी मी एकदा अख्खी नदी विळीवर कापली आणि बोंबलांवर टांगली. नदी माझी नव्हती. शेजारच्या जयंतीभाईंची होती.

ही गोष्ट मीच आधी सांगून टाकते, कारण डहाणूत दुसऱ्या कुणाकडून कळली तर तिला तिखटमीठ लागलेलं असेल. मी तेव्हा चोवीस वर्षांची. नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली, नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी तिला अंगठे धरून उभी करीन.

मे महिना होता. माहेराहून, वरोरहून, आईनं आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, अर्धवट सुकलेले बोंबील पाठवले होते. मी ते अंगणात बांबूवर वाळत घातले आणि कावळ्यांची पंगत बसली. हाकलून हाकलून हात दुखले. तेवढ्यात सामाईक ओट्यावर मला एक काळी, चकचकीत, चार बोटं रुंद पट्टी गुंडाळून ठेवलेली दिसली. उन्हात अशी चमकत होती की कावळ्यांचे डोळेच दिपावेत. कुणीतरी टाकून दिली असेल, असं मी ठरवलं. विचारायचं कुणाला, मी तर बी.एड. झालेली! विळी घेतली, हातभर लांबीचे चौदा तुकडे केले आणि बोंबलांच्या मधेमधे लटकवले. कावळे खरोखर पळाले. पळता पळता एकानं एक तुकडा नेला, पण मी तो नगण्य समजले.

जयंतीभाई चहा पिऊन बाहेर आले. ते आमच्या गावच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारे. फिल्मच्या पट्टीची फाटलेली भोकं दुरुस्त करायला त्यांनी ती घरी आणली होती. त्यांनी बांबूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खालीच बसले. मला वाटलं, आता गुजरातीतून माझा उद्धार होणार. पण त्यांनी एक तुकडा उन्हाकडे धरून बघितला, नाकाला रुमाल लावला आणि अगदी हळू विचारलं, "वहिनी, विळीवर आधी कांदो कापला होता काय?"

शुद्ध शाकाहारी माणूस. ती पट्टी त्यांनी तीन दिवस पुसली. तेरा तुकडे एकेक करून जोडले. चौदावा कावळ्याकडेच राहिला. नेमका त्यातच सेनापती होता.

आता हे कसलं सैन्य, ते सांगते. आमच्या टॉकीजच्या जुन्या शेठनं हौसेनं मुंबईच्या एका बंद पडलेल्या थिएटरातून सत्तर एमएमचं मशीन आणलं होतं. साधी फिल्म असते पस्तीसची, ही तिच्या दुप्पट रुंद. पडदा भिंतीएवढा, आणि चित्र असं स्वच्छ की घोड्याच्या पापण्या मोजाव्यात. पुढे त्या फिल्मा येणं बंद झालं. कुठल्याशा सिनेमाचं एक रीळ परत पाठवायचं राहून गेलं, ते जयंतीभाईंकडे उरलं. सिनेमा कुठला, त्याच्या आधी काय होतं, पुढे काय होतं, कुणाला पत्ता नाही. अकरा मिनिटं. गच्चीवर एक बाई उभी असते, लांबून सैन्य येतं, नदीत उतरतं. बस. नदीत उतरेपर्यंत पुढे सेनापती असतो, मग तेरा धक्के बसतात आणि सैन्य एकटंच बाहेर येतं. तो बुडाला की पळाला, यावर डहाणूत दोन पक्ष आहेत. कावळ्याचा पक्ष फक्त माझा आणि जयंतीभाईंचा.

दर वर्षी जानेवारीत, हवा कोरडी असते तेव्हा, एका रविवारी सकाळी अकराला ते हे रीळ गावाला फुकट दाखवायचे. चिखल्याहून, चिंचणीहून माणसं यायची, तलासरीहून जिपा भरून यायच्या. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती खाऱ्या हवेनं कधीच गेली होती. त्यामुळे चित्र मुकं. पण घोडे दिसले की अख्खं थिएटर पाय आपटायला लागायचं. नदी आली की जिभेनं पाण्याचा आवाज. तलासरीच्या बायका तर घरून सराव करून येत. जयंतीभाईंना विचारलं, की हे कसलं सिनेमा बघणं? तर म्हणायचे, "सत्तर छे, सत्तर! मोठी चीज असेल तर माणूस गप कसा बसेल?"

त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला रुंदी होती. चांगलं माणूस असलं की "सत्तर आदमी". बरं असलं की "पस्तीस, चालेल". माझ्या नवऱ्याला ते पहिल्या दिवसापासून सत्तर म्हणत. मला बोंबलानंतर सोळा केलं. सोळा म्हणजे शाळेत दाखवायच्या फिल्मची रुंदी, म्हणजे अपमानही झाला आणि नोकरीचा उल्लेखही झाला.

दमट हवेत फिल्म कुजते, तिला आंबट वास सुटतो. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे पुड्या. नवीन चपलांच्या, पर्सच्या खोक्यात "खाऊ नका" असं लिहिलेली ओल शोषणारी पुडी असते ना, ती. डहाणूत कुणाच्याही पायात नवी चप्पल दिसली की जयंतीभाई अदबीनं पुढे होत, "पुडी फेकली तर नाही ना?" माझ्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाचे बूट मेहुण्यांनी पळवले, आणि त्या गडबडीत जयंतीभाईंनी त्या बुटांचं खोकं पळवलं.

शिवाय डोळ्यांची खोड. रीळ बदलायची वेळ झाली की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक गोल ठिपका उमटतो. तो चुकला की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. आयुष्यभर तो ठिपका शोधून त्यांची नजर तिथेच अडकली. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या डोक्यावर, जरा बाजूला बघत. नलूबेनना बघायला गेले तेव्हाही. "मला वाटलं, आमच्या भिंतीवरचं घड्याळ पसंत पडलंय," नलूबेन म्हणायच्या.

नलूबेन त्यांची बायको. उंच, सडसडीत, जिभेला धार. नवीन सिनेमा लागला की पहिल्या खेळाला त्या एकट्या येत आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवत. कुणी बसायला आलं की "माणूस येतोय" म्हणत. माणूस वर केबिनमध्ये. दर वेळी कबूल करायचा, "मध्यंतरानंतर येतो खाली." येणार कसा? त्या मशीनचा दिवा म्हणजे कोळशाच्या दोन कांड्या. टोकाला टोक जवळ आणून त्यांच्यामध्ये आग पेटवायची, आणि जळून त्या आखूड होतील तशा हातानं पुढे सरकवायच्या. जवळ गेल्या तर चिकटतात, लांब राहिल्या तर पडदा अंधारतो. बिडी पेटवायलासुद्धा उसंत नाही. चाळीस वर्षं पिशवीनंच सिनेमे बघितले.

मग नवं यंत्र आलं. जयंतीभाई त्याला "फ्रिज" म्हणत. बटण दाबलं की सिनेमा सुरू. पुढे फ्रिजलाही गिऱ्हाईक मिळेना. गेल्या दिवाळीत धाकट्या शेठनी येऊन सांगितलं, "काका, फेब्रुवारीत पडदा उतरवतोय. इथे लग्नाचा हॉल होणार. जानेवारीचा तुमचा खेळ करून घ्या."

जयंतीभाई उठून घरात गेले. पेटीतून कांड्यांची शेवटची जोडी काढली आणि ओट्यावर बसून फडक्यानं पुसत राहिले. संध्याकाळी नलूबेन पापडी निवडता निवडता म्हणाल्या, "आता शेवटचाच ना? या वेळी तरी खाली बसा."

"मशीन कोण चालवणार? तू?"

"या गुडघ्यांनी मी तो लोखंडी जिना चढू? मग बसलात खाली!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चालवते."

जयंतीभाई पहिल्यांदाच कोपरा सोडून थेट माझ्याकडे बघत होते. "वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या हातात मी लिंबू पण कापायला देत नाही."

"मग शिकवा. चौतीस वर्षं मुलांना शिकवलंय, मला शिकता येईल."

"शिकवणाऱ्याला शिकवायचं म्हणजे..." त्यांनी नलूबेनकडे बघितलं. त्या मान खाली घालून पापडी निवडत होत्या, पण किडकी आणि चांगली एकाच ताटात टाकत होत्या. ते त्यांनी पाहिलं. "उद्या दहा वाजता," ते म्हणाले. "केस बांधून या. आणि बोंबील खाऊन येऊ नका."

मी नऊ वेळा नापास झाले. फिल्म दातेरी चाकांवरून नेताना मध्ये थोडी सैल सोडावी लागते, नाहीतर ताणून तुटते. मी एकदा इतकी सैल सोडली की ती माझ्याच गळ्यात आली. कांड्या मात्र मला जमल्या. आम्ही वातीचे स्टोव्ह सांभाळलेल्या बायका, ज्योत कधी रुसते ते आम्हाला आवाजावरून कळतं. सराव अर्थात आग न पेटवताच. जोडी एकच होती. दहाव्या दिवशी त्यांनी सुस्कारा सोडला आणि मला पस्तीस केलं.

त्या रविवारी टॉकीज भरून माणसं पायऱ्यांवर बसली होती. जयंतीभाई इस्त्रीचा सदरा घालून केबिनमध्ये आले, रीळ स्वतः चढवलं, कांड्या स्वतः पेटवल्या. मग दारात उभे राहिले, जाईनात. आत आले, तेलाची बुधली उगीच दोन बोटं सरकवली, पुन्हा दारात गेले.

"जयंतीभाई, जा ना! नलूबेनची पिशवी कंटाळली."

"जोड आले तर मशीन खडखड करेल. घाबरून बंद नाही करायचं."

"ते जोड माझेच आहेत. मला नका सांगू."

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मी झडप उघडली आणि खालून "आलं, आलं!" असा गलका झाला.

खरं सांगते, त्या अकरा मिनिटांत मी काहीही बघितलं नाही. काळ्या काचेतून फक्त त्या दोन कांड्या आणि त्यांच्यामधला तो पांढरा जीव. तो जरा लालसर झाला की चाक फिरवायचं, फुसफुसला की मागे घ्यायचं. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. खाली शेकडो पाय आपटायला लागले तेव्हा कळलं, घोडे आले. जिभांचा आवाज आला तेव्हा कळलं, नदी. आणि मग माझे जोड आले. खड, खड, खड. पाचव्याला मशीन असं करकरलं की माझा हात बटणावर गेला. नदी मधेच तुटली तर पुन्हा पेटवायला कांडी उरलेली नव्हती. मी मनातल्या मनात त्या चोवीस वर्षांच्या दीडशहाणीला जे जे आठवलं ते सगळं बोलून घेतलं आणि हात काढून घेतला. सहा. सात. तेरा. सगळे गेले. शेपटी चाकावर फटफट वाजायला लागली आणि खाली टाळ्यांचा पाऊस पडला.

जयंतीभाई धापा टाकत वर आले. मशीन अजून गरम होतं, त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "बराबर." त्यांना तिथेच सोडून मी खाली उतरले.

हॉल रिकामा होत होता. नलूबेन एकट्याच आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मी शेजारी टेकले आणि विचारलं, "मग? बसला का माणूस शेजारी?"

त्या अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "बसला ना. सगळा वेळ मान मागे वळवून तुझ्या केबिनच्या त्या भोकाकडे बघत होता मेला. मी म्हटलं, बघू दे. चाळीस वर्षं मी मान वळवून तिकडेच बघत होते, आज पहिल्यांदा मला सिनेमा बघायला मिळाला."