कोटामागची कुंभारीण

कुंभारीण माशीचं घरटं काढणं म्हणजे काय मोठं काम? एक झाडू, एक फटका, खलास! असं मी मैलापूरच्या आमच्या घरमालकीण अन्नपूर्णामामींना ऐटीत सांगितलं आणि स्टुलावर चढलो.

घाई होती. तुळसीला मी पसंत केलं होतं, मुलगी पाहायला गेल्यावर देतात ती सोज्जी-बज्जीही तिच्याकडे खाऊन झाली होती. आता जावई राहतो कसा ते पाहायला तिचे आईवडील तंजावरहून आजच येणार होते. आणि नेमकं माझ्या खाटेवरच्या भिंतीला या माशीनं मातीचं घरटं लिंपलेलं! आमच्याकडे कुंभारणीनं घर बांधलं की तिथे पाळणा हलणार, हे पोरंटोरंही सांगतात. ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत असलं घरटं पाहून सासूबाई काय म्हणतील?

"अय्यो! खाली उतर मेल्या!" मामींनी माझा पाय धरला. "आमच्या सुनंदाच्या लग्नाला चार वर्षं झाली. आत्ता कुठे देवानं खूण दाखवली, तर तू मोडतोस?"

"मामी, मग खूण तुमच्या सुनेच्या खोलीत दाखवायची ना!"

"सगळं घर माझंच आहे की!"

घरटं मोडलं तर खोली जाणार, राहिलं तर बायको. मी डोकं चालवलं. वर एक खिळा ठोकला आणि घरट्यावर माझा एकुलता एक कोट टांगला. बेमालूम!

तुळसीचे आईवडील, मानाजीराव आणि राजसबाई, आले. त्यांनी स्टोव्ह पाहिला, माठ पाहिला, खाटेखालीही वाकून पाहिलं. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात मानाजीराव म्हणाले, "जावईबापू, जरा कोट घाला बघू! कसे दिसता?"

"नको हो! मद्रासचा मे महिना आहे!"

"फाटका असेल," राजसबाई पुटपुटल्या, आणि स्वतःच कोट काढायला उठल्या. मी झडप घातली, कोट ओढला आणि घरट्यापुढे उभा राहून अंगात चढवला.

बाहीत कुंभारीण होती!

पुढचं काय सांगू! मी खाटेवर नाचलो, खाली नाचलो, कोट फेकला, सदरा फेकला. दंडाला डसून, जाता जाता गालालाही प्रसाद देऊन ती खिडकीतून निघून गेली. मी उघडा आणि घरटंही उघडं!

राजसबाईंनी घरट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"या खोलीत आणखी कोण राहतं?"

"कोणी नाही! मी एकटाच!"

"मग हे घरटं कोणासाठी?"

"सुनंदासाठी!" मी घाबरून ओरडलो.

मानाजीरावांनी छत्री उचलली. "कोण ही सुनंदा?"

तुळसी मला खरंच फार आवडली होती हो! नशीब, मामी कॉफी घेऊन दारात आल्या.

"माझी सून ती! मीच घरटं मोडू दिलं नाही, म्हणून बिचाऱ्यानं झाकून ठेवलं."

मानाजीरावांनी छत्री खाली ठेवली. राजसबाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "मग ज्येष्ठात लग्न उरकून टाकू. पण मामी, घरटं तुमच्या सुनेचं कसं? खोली जावयाची, तेव्हा घरटं आमच्या तुळसीचं!"

"भिंत माझी आहे!"

"खाट त्याची आहे!"

दोघी इतक्या हिरिरीनं भांडल्या, की पुरीसारख्या फुगलेल्या माझ्या गालाकडे कोणी पाहिलंही नाही.

तो वाद पुढच्या वर्षी मिटला. सुनंदाला मुलगा झाला आणि आम्हाला जुळ्या मुली! त्याच आठवड्यात मी खिडकीला जाळी ठोकून घेतली.

तरी परवा माझ्या कोटाच्या खिशात ओली माती सापडलीच!