वजीर दिल्याबद्दलचा चौकशी अहवाल

कोणतीही गोष्ट घडली की नाही, हे ती घडण्यावर अवलंबून नसतं; ती वेळेवर, निळ्या शाईने आणि सहीनिशी लिहिली गेली की नाही, यावर असतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळल्यावर मला हे इतकं पटलंय, की जेवल्याची नोंद सापडली नाही तर मी पुन्हा जेवायला बसतो. (घरच्यांनी आता वही ठेवली आहे.)

याच तत्त्वावर आमच्या कारखान्याने बुद्धिबळाच्या एका डावातल्या बलिदानांचं विश्लेषण केलं. त्याला तोड नाही. इतरत्र लोक डाव संपला की विश्लेषण करतात. आमच्याकडे डाव अर्धा असतानाच ते सुरू झालं आणि डावापेक्षा बरंच पुढे गेलं.

झालं असं. वर्धापनदिनाच्या बुद्धिबळ स्पर्धेत जिंकणाऱ्याची 'नियमात बसणारी एक मागणी' व्यवस्थापन मान्य करील, असं सूचना फलकावर लागलं. आधीची सहा वर्षं स्पर्धा गुणवत्ता विभागाचे प्रमुख भाग्येशसाहेब जिंकत आले होते. ते चांगले खेळतात. शिवाय समोर बसणाऱ्या बहुतेकांचा वार्षिक शेरा तेच लिहितात. मागणी म्हणून त्यांनी दरवर्षी आपल्या केबिनसाठी एक कुंडी घेतली. सातव्या वर्षी अंतिम फेरीत त्यांच्यासमोर आली पॅकिंगमधली सोमी.

सोमी कंत्राटी. डोंगराकडच्या पाड्यावरची. चार महिने पावसाच्या शेतीवर आणि आठ महिने आमच्या पित्ताच्या गोळ्यांवर. तिच्यासारख्या चौतीस बाया सहा आसनी रिक्षाने बेटेगावपर्यंत येतात आणि तिथून कारखान्यापर्यंत पन्नास मिनिटं चालतात. त्याच रस्त्याने चिल्हार फाट्याकडून स्टाफची बस येते. बेचाळीस सीटा, नऊ अधिकारी. (भाग्येशसाहेबांच्या बॅगेला खिडकी लागते.) बस बेटेगावला थांबत नाही, कारण तिथे थांबा नाही; थांबा नाही, कारण तिथे बस थांबत नाही. सोमीने अर्जात मागणी लिहून घेतली: 'बस बेटेगावला थांबवा, बायांना घ्या.' छाननी समितीने ती तपासली आणि नियमात बसते असा शेरा मारला. सोमी अंतिम फेरीला येईल, असं तेव्हा समितीला वाटलं नव्हतं.

ती कशी आली, याचं कारण जेवणाच्या सुट्टीत आहे. सुट्टी तीस मिनिटांची. टोपी, मास्क, अंगरखा आणि बूट काढायला सात मिनिटं, परत घालायला सात, दोन वेळा हात धुवायला तीन, भाकर खायला दोन. (भाकर जास्त असती तर वेळही जास्त लागला असता.) उरतात अकरा. या अकरा मिनिटांत पॅकिंगच्या बाया खोक्याच्या पुठ्ठ्यावर चौकटी आखून, बाद झालेल्या टोपणांनी बुद्धिबळ खेळतात. आता अकरा मिनिटांत डाव निकाली काढायचा तर मोहरे जपत बसायला सवड कुठे? त्या दिसेल तो मोहरा देऊन टाकतात आणि थेट राजाच्या घरात शिरतात. सोमीचा खेळ तिथे घडला. प्यादं वाचवावं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

अंतिम डावाला पंच मी होतो, कारण पट माझ्या स्टोअरमधून निघाला होता. पांढरे सोमीचे. सातव्या मिनिटाला तिने उंट दिला. साहेबांचा वजीर तो खायला पटाच्या पार टोकाला गेला. आठव्या मिनिटाला तिने हत्ती नेऊन साहेबांच्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला. राजाची तिरकी वाट अडवून उभं असलेलं ते प्यादं हत्ती मारायला बाजूला सरकलं, आणि त्या वाटेने सोमीचा वजीर शह देत आत आला.

पॅकिंगची इंदुबाई खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. "सोमे, अगं साहेबांचं पोट भरलं, आता तरी थांब!"

"नाय भरलं," सोमी म्हणाली. "अजून वजीर ऱ्हायलाय."

घोड्याने दोन शह दिले. राजा कोपऱ्यात गेला. मग सोमीने वजीर उचलला आणि राजाच्या अगदी मांडीला मांडी लावून ठेवला. राजाला तो मारता येईना, कारण वजिराला घोड्याचा जोर होता. हत्तीने मारणं भाग होतं. साहेबांनी हत्तीने वजीर मारला. आता राजाच्या एका बाजूला त्याचा स्वतःचा हत्ती, पुढे त्याची स्वतःची दोन प्यादी, पाठीशी भिंत. आपल्याच माणसांच्या गराड्यात इतका सुरक्षित राजा मी फक्त आमच्या मुख्य कार्यालयात पाहिला आहे. घोड्याची एक उडी, आणि मात.

सोमीचा हात घोड्याकडे गेला आणि साहेब म्हणाले, "थांबा."

त्यांनी खिशातून पिवळं लेबल काढून घोड्याला चिकटवलं: 'होल्ड', म्हणजे चौकशी संपेपर्यंत हात लावायचा नाही.

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पूर्वपरवानगीशिवाय एका कंत्राटी कामगाराने उंट, हत्ती आणि वजीर एवढी मालमत्ता अवघ्या साडेतीन मिनिटांत घालवली होती. औषध कारखान्यात एक लेबल फाटलं तरी चौकशी होते. इथे तर वजीर होता. घड्याळ थांबवलं. सात जणांची समिती नेमली. (दोघांना कॅरम येत होतं.) प्रथेप्रमाणे 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारण्यात आला. मी इतिवृत्तातून उतरवतो.

"हत्ती का दिला?"

"ते प्यादं हलवाया."

"प्यादं का हलवायचं?"

"वाट उघडाया."

"वाट का?"

"वजीर आत जाया."

"आत का?"

"मरायला."

"मरायला का?"

"घोड्याला जागा कराया, साहेब. त्याचा हत्ती आला ना राजाच्या बाजूला, आता राजाला हलाया जागा नाय. तुमी ते पिवळं काढा, दोन मिनिटांचं काम हाय. आमाला परत चालत जायाचं हाय."

शेवटची दोन वाक्यं विषयाशी संबंधित नसल्याने अहवालातून वगळण्यात आली.

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा झाला. बुद्धिबळावर एवढा सखोल ग्रंथ पालघर जिल्ह्यात तरी दुसरा नसावा. उंट देण्याचं मूळ कारण 'निष्काळजीपणा' निघालं, हत्तीचं 'प्रशिक्षणाचा अभाव', आणि वजिराचं 'मानवी चूक (कंत्राटी)'. या तिन्हींत काही योजना होती का, यावर समितीने नऊ बैठका घेतल्या. निष्कर्ष असा: तिन्ही घटनांना वेगवेगळे क्रमांक दिलेले आहेत, सबब त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मारलेले मोहरे 'बाद माल' ठरत असल्याने दोन साक्षीदारांसमोर चुरा करून नष्ट केले. संगणक विभागातल्या दीपिकाने हळूच मोबाइलवर डाव मांडला. मोबाइलने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, एका खेळीत मात. पण कारखान्यात मोबाइलला बंदी आहे आणि त्या मोबाइलने आमची प्रवेश परीक्षाही दिलेली नाही. म्हणून ते उत्तर 'केवळ माहितीस्तव' जोडण्यात आलं.

पुढे असं घडू नये म्हणून नवा नियम झाला. बलिदान करण्यापूर्वी तीन प्रतींत अर्ज द्यावा, त्यात अपेक्षित लाभ नमूद करावा आणि प्रतिस्पर्ध्याचं ना हरकत पत्र जोडावं. दोनशे चौदा बायांना 'वजीर कसा देऊ नये' या विषयाचं प्रशिक्षण मिळालं. ते जेवणाच्या सुट्टीत ठेवल्यामुळे टोपणांचा खेळ आपोआप बंद पडला. प्रशिक्षणाच्या शेवटी काही शंका आहेत का, असं विचारल्यावर इंदुबाई उठली.

"साहेब, मात झाली का नाही, तेवढं सांगा."

शंका प्रशिक्षणाबाहेरची असल्याचं तिला कळवण्यात आलं.

पट तेव्हापासून त्या काचेच्या कपाटात आहे, जिथे गोळ्या किती दिवस टिकतात ते पाहतात. तापमान पंचवीस अंश, आर्द्रता साठ टक्के. तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांनी तपासणी झाली. चारही वेळा सोमीची मात एकाच खेळीवर आढळली. गुणवत्तेत कोणतीही घट नाही. भाग्येशसाहेबांनी हा निष्कर्ष स्वतः तपासून सही केली. माणूस खरोखर निःपक्षपाती आहे.

मागच्या महिन्यात सोमी त्यांच्या केबिनमध्ये गेली. कुंड्यांच्या मधे उभी राहिली. मीही तिथेच होतो. निवृत्त झालो तरी पटाचा जिम्मा माझ्याच नावावर आहे, तो मिटल्याशिवाय मला सोडत नाहीत.

"साहेब, मी हारली असं लिवा," ती म्हणाली. "तुमी जिंका. पन कुंडीच्या जागी या वेळेला बस मागा. तुमी मागितली तर थांबंल."

साहेब हेलावले. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. मग समजावलं, "सोमी, चौकशी चालू असताना तुला हरताही येत नाही. मला जिंकताही येत नाही. आपण दोघं एकाच परिस्थितीत आहोत."

"हां," सोमी म्हणाली. "फकस्त तुमी बसमदी हाव."

हेही विषयाशी संबंधित नव्हतं.

आता अहवाल अंतिम झाला असून हरकतींसाठी प्रसृत केला आहे. वर दिलं ते त्याचंच सार. शेवटच्या पानावर नियम आहे: जो सार वाचून हरकत घेत नाही, तो सहमत. तुम्ही इथवर आलात. मधे थांबून तुम्ही घोडा खरंच त्या घरात जातो का, हत्तीऐवजी दुसरं काही मारता आलं असतं का, हे मनातल्या पटावर पाहिलंत. चांगली गोष्ट आहे. सोमीला खेळू द्यायला हवं होतं, असंही तुमच्या मनात येऊन गेलं असेल. पण रिकाम्या तेहेतीस सीटा घेऊन दारावरून जाणारी बस थांबवायला बाईने आधी बुद्धिबळात का जिंकायचं, हे तुम्ही पहिल्या पानापासून या ओळीपर्यंत एकदाही विचारलं नाहीत. त्यामुळे समितीचं काम सोपं झालं.

हरकतींच्या रकान्यात तुमच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं आहे. सहीची गरज नाही.