आपण म्हणजे ऐकणाराही आला

नातीचं वजन किराणा दुकानातल्या तराजूवर करणारा आजोबा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या नाक्यावर गायधनी अण्णांनी आठ महिन्यांच्या सईला गव्हाच्या पाटीत बसवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि काटा स्थिर होईना म्हणून दुकानदारालाच झापलं. "हात काढा हो! माल हलतोय तो हलतोय, तुम्ही कशाला हलताय?" पाटी वजा जाता सई सात किलो भरली. अण्णांनी आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि खाली दुकानदाराची सही घेतली.

अण्णा माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं डिस्पॅच खात्यात काढली होती. यंत्रं लाकडी खोक्यांत बसवायची, खिळे ठोकायचे, वर काळ्या रंगाने 'नाजूक'चा पेला, 'पावसापासून जपा'ची छत्री आणि 'ही बाजू वर'चा बाण उमटवायचा आणि ट्रकबरोबर जाऊन खोकी मुंबईच्या गोदीत सोडून यायची. खोकी मस्कतला गेली, नैरोबीला गेली, सिंगापूरला गेली. अण्णा दरवेळी गोदीवरून परत नाशिकला आले.

रिटायर झाल्यावर सवयी कारखान्यात ठेवून यायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर बाण होता आणि गाद्यांच्या गुंडाळीवर छत्री. "पोच येईस्तोवर माल आपला," हे त्यांचं ब्रीदवाक्य. पोच म्हणजे माल मिळाल्याची समोरच्याची चिठ्ठी. आमच्या हिने वाटीभर शिरा पाठवला, तरी अण्णा दारात येऊन "पोचला" असं सांगून जायचे. शिरा कसा झाला होता ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

दुसरं वेड शब्दांचं. "कागदावर एक शब्द चुकला की नैरोबीचा माल मस्कतला जातो, देवरे." त्यातही त्यांचा खास राग 'आपण' आणि 'आम्ही' यांची सरमिसळ करणाऱ्यांवर. "इंग्रज 'वी' म्हणतो. त्यात आपल्याला धरलंय की वगळलंय, देवाला ठाऊक. हिंदीवाल्याचं 'हम'ही तसलंच. मराठीत सोय करून ठेवलीय. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हणजे ऐकणाराही आला."

एकदा आमचे सेक्रेटरी जिन्यात सहज बोलून गेले, "रविवारी आपण टाकी धुवून घेतोय." रविवारी सकाळी अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा घेऊन गच्चीवर हजर. तिथे पैसे देऊन बोलावलेले दोन मजूर होते, बाकी चिटपाखरू नव्हतं. अण्णा टाकीत उतरले आणि तासभर घासत बसले. नंतर आठवडाभर कंबर धरून हिंडत होते. मी हसलो, तर म्हणाले, "मला आपण म्हणाले होते ना ते."

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे त्यांचा मुलगा हेमंत. पोरगा गुणी, पण बोलणं नव्या तऱ्हेचं. "काल आपण साहेबांना तोंडावर सांगितलं," असं म्हणायचा, आणि साहेबांसमोर तो एकटाच उभा असायचा. अण्णांनी शंभरदा दुरुस्त केलं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो, तेव्हा तो एक रंगीत पुस्तिका नाचवत घरात आला. "अण्णा, दिवाळीनंतर आपण सिंगापूरला जातोय! सहा दिवस. सईची पहिली फॉरेन ट्रिप!"

या खेपेला अण्णांनी दुरुस्ती केली नाही. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आपण ना? मग पॅकिंग माझ्याकडे."

हेमंत हसून आत गेला. अण्णा उठले आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन पासपोर्ट काढून मला दाखवले. एक त्यांचा, एक त्यांच्या बायकोचा, शरयूकाकूंचा. काकू फार मागे लागायच्या म्हणे, तुमची खोकी जातात तिकडे एकदा मलाही न्या. पासपोर्ट आले आणि त्या पावसाळ्यात काकू गेल्या. दोन्ही पुस्तकं कोरी. अण्णांनी काकूंचा पासपोर्ट परत गुंडाळला आणि स्वतःचा शर्टाच्या खिशात घातला. "मला सिंगापूर बिंगापूर काही बघायचं नाही हो. विमान वर चढतं तेव्हा तान्ह्या पोरांच्या कानांना दडे बसतात. त्या वेळी सई माझ्या मांडीवर हवी. घोट घोट पाजत राहायचं. हेमंतला नाही जमायचं ते." एवढंच त्यांना हवं होतं. त्या माणसाने माझ्या माहितीत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

मग टेस्टिंग सुरू झालं. न तपासता माल पाठवायचा नाही, हा कारखान्याचा नियम. अण्णांनी सुनेची, प्राजक्ताची, कशीबशी परवानगी काढली आणि सईला घेऊन एस.टी.ने वणीच्या गडावर निघाले. घाटात कानांना दडे बसतात का ते बघायला. सोबत मला ओढलं. प्रत्येक वळणाला ते बाटली तिच्या तोंडाला लावायचे, दोन घोट झाले की काढायचे आणि कानामागे टिचकी वाजवून बघायचे. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पोरीला काय व्हतंय का?" अण्णा म्हणाले, "काही होऊ नये म्हणूनच चाललंय." सई निम्म्या घाटात झोपली. अण्णांच्या स्वतःच्या कानांना दडे बसले. मला खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागलं. परतताना मोठ्याने ओरडून, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं, अण्णांनी निकाल दिला, "सई पास! देवरे नापास!"

नाचणीचं सत्त्व, मेतकूट, जायफळाचा तुकडा, सगळं डब्यांत गेलं आणि डब्यांवर बाण आले. अण्णांनी स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. आयुष्यभर चपला घातलेला माणूस, बूट घालून कॉलनीत असा चालायचा की वाटावं खाली जमीन ओली आहे. पासपोर्ट अजून कोणी मागितला नव्हता, पण तो खिशात तयारच होता.

दसऱ्यानंतर चारपाच दिवसांनी हेमंत मला जिन्यात भेटला. "काका, आम्ही नसताना अण्णांकडे जरा लक्ष ठेवा हं. डबा लावलाय त्यांना."

मी विचारलं, "अण्णा येत नाहीयेत?"

"अण्णा? छे हो! त्यांना कुठे ती दगदग. पॅकेज आमचंच आहे, आम्ही दोघं आणि सई."

"तू त्यांना सांगितलंस तसं?"

"त्यात सांगायचं काय? माहितीये त्यांना." आणि तो शीळ घालत खाली उतरला.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच पावली हेमंतला परत बोलावलं असतं, नाहीतर अण्णांच्या दारावर थाप मारली असती. मी घरी येऊन पेपर वाचला. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही बोला ना!" मी म्हटलं, बापलेकांमध्ये आपण कशाला पडा. खरं सांगतो, मी भ्यालो. त्या पांढऱ्या बुटांकडे बघून ते वाक्य बोलायची माझ्यात धमक नव्हती. बापलेकांमधला तो एक शब्द मी तीन आठवडे खिशात घेऊन हिंडलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला रंगाचा डबा धरायला बोलावलं. हॉलमध्ये चार बॅगा ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर पत्र्याच्या अक्षरांचा साचा ठेवून अण्णा ब्रश मारत होते. 'नग ४ पैकी १', 'नग ४ पैकी २'. तिसरी बॅग सईची, तिच्यावर वरती 'नाजूक' असंही आलं. चौथी त्यांची स्वतःची, जुनी कॅनव्हासची, एवढीशी. तिच्यावर साचा टेकवला, तेवढ्यात प्राजक्ता सईला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अण्णा, आम्ही नसताना दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगितलंय. तुम्हाला एकट्याला पुरेल ना?"

ब्रश थांबला. "आम्ही?" अण्णांनी विचारलं.

प्राजक्ताला वाटलं, सासरे नेहमीसारखी चूक काढताहेत. ती हसली. "हो, आम्हीच! बघा, या वेळी बरोबर बोलले की नाही?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग सईकडे. सईने त्यांच्याकडे झेप घ्यायला हात पसरले होते.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "अगदी बरोबर बोललीस. अर्धा लिटर खूप झालं."

ती आत गेली. थांबलेल्या ब्रशावरून फरशीवर चार थेंब सांडले होते. अण्णांनी ते आधी पुसले. मग घासलेटात चिंधी बुडवून एकेका बॅगेवरचा चार पुसून काढला आणि साचा बदलून तिथे तीन उमटवला. चौथी बॅग त्यांनी उचलून कॉटखाली सरकवली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "हेमंतची चूक नाही, देवरे. पोरांची भाषाच तशी. मी कागदावर नव्हतं ते वाचलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं." मी मान खाली घातली. मला दोष न देता ते ब्रश धुवायला लागले, आणि मला आजही त्याचंच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला जायला सुमो आली. अण्णांनी बॅगा स्वतः चढवल्या, बाण वर आहेत ना ते बघितलं आणि हेमंतच्या हातात बाटली देऊन तीन वेळा बजावलं, "विमान चढताना. घोट घोट. एकदम नाही द्यायचं." हेमंत "हो हो" म्हणाला. सई अण्णांच्या शर्टाचा खिसा सोडेना. खिशात पासपोर्ट होता. प्राजक्ताने तिची बोटं सोडवली.

पुढच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर अण्णा टेलिफोनशेजारी खुर्चीवर ताठ बसलेले. पायात ते पांढरे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. कालपासून काढले नसावेत. "पोच येईस्तोवर माल आपला," एवढंच म्हणाले. मी समोर बसलो. दहाच्या सुमाराला घंटा वाजली. हेमंत इतका ओरडून बोलत होता की मला पलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, आपण पोचलो! सई अजिबात रडली नाही!"

"घोट घोट दिलंस?"

"हो, तुम्ही सांगितलं तसंच!"

मी वाट बघत होतो, आता चूक काढतील, आता म्हणतील 'आम्ही' म्हण. अण्णांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला.

"पोच आली," ते म्हणाले. "आपण पोचलो म्हणाला."

"हो अण्णा," मी म्हटलं. "मी ऐकलं."

मग ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.