नकाराधिकारी कर्णिककाका

सिंगापूरच्या मरीन परेड भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे कर्णिककाका कुठल्याही प्रश्नाला आधी ‘नाही’ म्हणतात.

“काका, चहा घेणार?”

“नाही. आलं घातलंयस? मग अर्धा कप.”

सवय, दुसरं काय! हॉलिवूडच्या एका स्टुडिओत काकांनी वर्षानुवर्षं नाही म्हणण्याचीच नोकरी केली. मूळचे ठाण्याचे. स्टुडिओच्या मुंबई ऑफिसात फिल्मचे डबे मोजण्यापासून सुरुवात; तिथून थेट लॉस एंजेलिसला, कथा निवडणाऱ्या खात्याचे साहेब. शेवटी आशियाचा कारभार बघायला सिंगापूरला आले, इथेच निवृत्त झाले. काकू गेल्या, तरी हे राहिले.

“होकार दिला की निस्तरावं लागतं,” काका सांगतात. “नकार देऊन कुणाची नोकरी गेल्याचं ऐकलंयस?”

त्यांनी परत पाठवलेली एक कथा दुसऱ्या स्टुडिओने उचलली. सिनेमा जगभर तुफान चालला. काका तिकीट काढून बघून आले आणि म्हणाले, “मी म्हटलं होतं तेच. उत्तरार्ध ढिला आहे.”

आमची सहा वर्षांची ईरा त्यांना रोज एक गोष्ट ऐकवते.

“नाही,” काका तिला अडवतात. “डायनासोर रडतो का? कारण पटलं पाहिजे.”

“ही इज हंग्री लाह, आजोबा!” ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगते.

काका गंभीरपणे विचार करतात. “हं. पुढे सांग.”

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला त्यांना कौतुकाने बोलावलं, तर त्यांनी राजाची भूमिकाच कापायला सांगितली. राजा होते मंडळाचे अध्यक्ष.

यंदा माझ्या कंपनीने आमचा विभाग बंद केला. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, रद्द. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर मी, बायको आणि ईरा, तिघांनी गाशा गुंडाळून पुणे. काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ‘नाही’ न म्हणता फक्त शेवटची तारीख विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. अंगात सूट, सुटाला डांबरगोळ्यांचा वास. “चल. माझ्या हाताखाली होता एक जण, आता मोठा साहेब आहे.”

त्या साहेबाच्या ऑफिसात आम्ही दोन तास बसलो. रिसेप्शनवरच्या मुलीने काकांना नावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं. अखेर सेक्रेटरी बाहेर आली. साहेबांना आज वेळ नाही, ईमेल करा.

परतताना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसलो. काका कॉफी ढवळत होते.

“माझ्या केबिनबाहेर एक सोफा होता,” ते म्हणाले. “त्यावर कोण बसलंय, किती वेळ बसलंय, कधी डोकावून बघितलं नाही रे.”

“जाऊ दे काका. तुम्ही उगाच त्रास घेतलात.”

“उगाच कसा? तुम्ही गेलात तर मी दिवसभर बोलू कुणाशी? टीव्हीशी?”

तिसऱ्या आठवड्यात इथल्याच टॅम्पिनीस भागातल्या एका कंपनीत मला काम मिळालं. पत्र घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, खालची सही निरखली, पत्र माझ्या हातात दिलं आणि बाहेर पडले.

मी मागोमाग गेलो. लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांत काकांनी त्यांच्याकडे बघून कधी मानही हलवली नव्हती. आज त्यांचा रस्ता अडवून काका सांगत होते, “माय फॅमिली इज स्टेइंग. ऑल थ्री. दे आर स्टेइंग.”