साहेब जेवत नाहीत

आगाशेकाका माशापुढे हात जोडून उभे राहायचे.

नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, बाकीच्यांच्या घरी जिथे टीव्ही असतो तिथे, काचेची एक मोठी टाकी होती. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा, अशा थाटात काका टाकीसमोर उभे राहून म्हणायचे, "साहेब, पंखा बंद करतो. दुपारी पडदे ओढून घेतो. चोप्रांच्या पोराला जिन्यात बॉल आपटू देणार नाही. पण खा."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी नेमकी पूजेच्या वेळी आले. मीही दारातच चपला काढून हात जोडले. काकांनी मागे वळून पाहिलं.

"परब, तुम्ही कशाला हात जोडताय? साहेब तुमच्यावर नाराज नाहीत."

परब म्हणजे मी. मनीषा परब. माझे वडील दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी गेस्ट हाउसमध्ये ड्रायव्हर होते आणि आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पहाडगंजच्या मराठी शाळेतून मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे सगळं इंग्रजीत. मी फळ्यावरचं उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन समजायचा प्रयत्न करायचे. बाबांनी मराठी मंडळाच्या गणपतीत आगाशेकाकांना विचारलं. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून रिटायर झालेले. म्हणाले, "रविवारी पाठवून द्या." तेव्हापासून दर रविवारी मी मंडी हाउसवरून बस पकडून नोएडाला जाऊ लागले.

काकांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ऑफिसात नव्या क्लार्कला म्हणावं तसं, "या परब, बसा." माझा निबंध ते लाल पेनाने तपासायचे. "ड्राफ्ट ठीक आहे. पण या वाक्यात 'द' कुठे गेला? रजेवर आहे का? फेरसादर करा."

आतून काकू ओरडायच्या, "अहो, मुलगी आहे ती, फाइल नाही!" आणि मला पोहे आणून द्यायच्या.

काकूंबद्दल इथेच सांगते, कारण नंतर सांगायला त्या नव्हत्या. शालिनीकाकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्याच मंत्रालयात टायपिस्ट होत्या, तिथेच काकांशी जमलं. मंडळाच्या मीटिंगनंतर कधी कधी त्या आमच्या क्वार्टरमध्ये यायच्या. आई देवगडची, त्यामुळे रविवारी आमच्याकडे मासे असायचेच. काकू स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसायच्या. आई म्हणायची, "वहिनी, एक तुकडी घ्या की." तर म्हणायच्या, "नको गं. नुसता वास येऊ दे. खाल्लं तर घरी जाऊन खोटं बोलायला लागेल." मग वेंगुर्ल्याच्या गोष्टी. तिथे त्यांची आई तिसऱ्यांची एकशिपी कशी करायची, म्हणजे तिसऱ्या उघडून एक शिंपला टाकून द्यायचा, दुसरा मांसासकट तसाच शिजवायचा, आणि जेवताना तो ओठाला लावून ओढायचा, हे त्या हाताने करून दाखवायच्या. मला हसू यायचं. तेव्हा मला कळत नव्हतं की यात हसण्यासारखं काही नाही.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. होळीच्या सुमाराला काकांच्या घरी टाकी आली.

हैदराबादहून त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोनवरचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, छंद पाहिजे तर गोल्डफिश घ्या ना. काहीही खातात."

"काहीही खाणारा नकोय," काका म्हणाले. "समुद्रातलाच पाहिजे."

आता दिल्लीपासून समुद्र किती लांब! पण काकांनी तो बादलीत बनवला. खास मिठाची पाकिटं आणायची, फिल्टरच्या पाण्यात ढवळायची, काचेच्या नळीने खारटपणा मोजायचा. नळीवर काकांचा विश्वास नव्हता. ते करंगळी बुडवून जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. वेंगुर्ल्याएवढं नाही अजून."

नोएडात तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते आणि लाइट तर सारखी जायची. लाइट गेली की टाकीतला पंप बंद. मग काका स्टीलचा पेला घेऊन टाकीतलं पाणी काढायचे आणि टपरीवाला चहा ओततो तसं उंचावरून परत टाकीत ओतायचे. "साहेबांचा श्वास कोंडतो." एकदा ते दमले आणि पेला माझ्या हातात देऊन म्हणाले, "परब, चार्ज घ्या." मी एका हातात अर्थशास्त्राचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन लाइट येईपर्यंत उभी होते.

मासा दिसायला खरंच सुंदर होता. पांढऱ्या अंगावर नारिंगी उभे पट्टे, शेपटीकडे डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि पुढे लांब, बारीक चोच. काकांनी तो जिथून आणला, तो भोगल बाजारातला दुकानदार त्याला 'बटरफ्लाय' म्हणायचा. या चोचीने तो टाकीतले दगड हुंगत फिरायचा, आणि खाणं टाकलं की तोंड फिरवून दगडामागे जायचा. तो तोंड फिरवतो हे पाहूनच काकांनी त्याला साहेब केलं. "आमचे जॉइंट सेक्रेटरी असेच होते. फाइल पुढे केली की खिडकीबाहेर बघायचे."

काका शुद्ध शाकाहारी. त्यामुळे साहेबांपुढे पहिल्यांदा गेला तो उकडलेला पालक. नामंजूर. मग वाटाण्याचे दाणे, सालं काढून. नामंजूर. भिजवलेली मूगडाळ. साबुदाणा. एकादशीच्या दिवशी रताळं. दुकानदाराने दिलेल्या डबीतलं खाद्य काकांनी आधी भिंग लावून वाचलं आणि डबी लांब धरून म्हणाले, "परब, यात मासेच आहेत हो!" शेवटी नाइलाजाने तेही चिमट्यात धरून पाण्यात सोडलं. साहेबांनी तेही परत केलं.

एका रविवारी काका मला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदाराने पालकाचं ऐकलं तेव्हा तो काउंटरवर डोकं टेकून हसला. "अंकल जी, समंदर का जानवर है. इसको पालक पनीर खिला रहे हो?"

"तर मग काय खातो?"

"सीपी लाओ, ताज़ी. खोलकर एक तरफ का छिलका रहने दो और वैसे ही पानी में रख दो. चोंच से नोच-नोचकर खाएगा. ये नहीं खाया तो समझो गया."

मला वाटलं, काका विचारतील, कुठे मिळते, कशी उघडायची. ते प्रत्येक गोष्टीचे दहा प्रश्न विचारायचे. पण त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या रविवारी गेले तर मासा आणखी उतरला होता. डोक्यामागची पाठ आत गेलेली, अंग कागदासारखं. दगड हुंगायचंही सोडून तो एका कोपऱ्यात तरंगत होता. काका हात जोडून उभे होतेच.

"काका, सीपी आणली का?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

मी कधी काकांना उलट बोलले नव्हते. पण त्या दिवशी राहवलं नाही. "काका, विचार करेपर्यंत तो मरेल."

काका खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले. "या घरात ते कधी आलं नाही, परब. लग्नाच्या वेळी आईची एकच अट होती. वेंगुर्ल्याची मुलगी चालेल, पण मासळी उंबऱ्याच्या आत यायची नाही. शालिनी म्हणाली, ठीक आहे."

"तुमच्या आई...?"

"आई गेली तेव्हा आमचा मुलगा शाळेत होता."

"मग नंतर?"

"नंतर काय! अट तशीच राहिली. मी काढली नाही, तिने विचारलं नाही. ऑफिसात असं होतं बघा. ऑर्डर काढणारा माणूस जातो, ऑर्डर चालूच राहते."

टाकीतला पंप घरघरत होता. काका उठले, पायात बूट घातले आणि म्हणाले, "चला."

आम्ही आयएनए मार्केटला गेलो. मासळीच्या गल्लीत शिरताना काकांनी नाकाला रुमाल लावला आणि थोडं पुढे गेल्यावर, का कुणास ठाऊक, काढून खिशात ठेवला. एका गाळ्यावर पाटीत तिसऱ्या होत्या, दुकानदाराची सीपी. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तिसऱ्या पहिल्यांदाच पाहिल्या असाव्यात.

"कितने लोगों के लिए, अंकल?" मासळीवाल्याने विचारलं.

मी म्हणणार होते की एका माशासाठी, थोड्याच दे. पण काका आधी बोलले. "दो."

मला वाटलं, ते माशाला आणि स्वतःला धरून सांगताहेत. पण काका तर शाकाहारी.

घरी आल्यावर मी तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, धुतल्या. विळी काकूंची होती, कोनाड्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आई उघडते तशी मी एक तिसरी विळीवर उघडली, वरचा शिंपला टाकून दिला आणि खालचा काकांच्या हातावर ठेवला. शुद्ध शाकाहारी काकांच्या तळहातावर ती उघडी तिसरी! त्यांनी कोपरापर्यंत हात टाकीत घालून ती हळूच वाळूवर ठेवली. शर्टाची बाही भिजली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मासा लगेच आला नाही. काकांनी हात जोडले. या वेळी पंख्याबद्दल, पडद्याबद्दल काही बोलले नाहीत. ओठ मात्र हलत होते.

मग तो कोपऱ्यातून निघाला. शिंपल्याभोवती एक फेरी मारली, लांब गेला, परत आला, तिरका झाला आणि चोच घातली. एकदा. मग परत. मग टोचतच राहिला.

मी टाळ्या वाजवणार होते. पण काकांकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. ते रडत होते. आवाज न करता, टाकीवरची नजर न हलवता.

"दहाव्याला कावळा शिवला नाही, मनीषा," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. "यमुनेच्या घाटावर. पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिलो. कावळे होते झाडावर, खाली येईनात. भाऊ पुण्याहून आला होता, तो म्हणाला, वहिनींचं मन कशात तरी अडकलंय, बोल काहीतरी. मी म्हटलं, मुलाची काळजी करू नकोस. नातीकडे लक्ष ठेवीन. गोळ्या वेळेवर घेईन. घर नीट ठेवीन. नाही आला. आणि मला माहीत होतं काय म्हणायला पाहिजे. ओठांवर होतं. पण भाऊ उभा, गुरुजी उभे. पिंडासमोर माशांचं नाव कसं घ्यायचं? ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला आणि म्हणाले, झालं."

त्यांनी भिजलेल्या बाहीने डोळे पुसले.

"झालं कसं? गवताचा कावळा तो."

मी टाकीकडे पाहिलं. साहेब जेवत होते.

उरलेल्या तिसऱ्यांचं भांडं ओट्यावर होतं. मी म्हटलं, "या मी घरी नेते, आई करेल."

"इथेच कर. येतं का तुला?"

"आईसारखं नाही येत."

"कर."

नारळ होता. कांदा, मिरची होती. कोकमं बरणीत होती, काकू आमटीत घालायच्या ती, वेंगुर्ल्याहून आलेली. मी तिसऱ्या एकशिपी उघडल्या आणि फोडणीला टाकल्या. वास सुटला तसा मला संकोच वाटला. या घरात हा वास कधी आला नव्हता. मी खिडकी उघडायला गेले.

"राहू दे," काका मागून म्हणाले. "बंदच राहू दे."

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. थोड्या वेळाने आतून पाट आणला आणि तिथेच बसले, काकू आमच्याकडे बसायच्या तसे.

कालवण झाल्यावर काकांनी एक ताट घेतलं, भात वाढला, तिसऱ्या वाढल्या, पाण्याचा पेला भरला. टेबलाजवळ स्वयंपाकघराला लागून जी खुर्ची होती, उठून वाढायला सोपं पडावं म्हणून काकू नेहमी जिथे बसायच्या, तिथे ताट ठेवलं. मला वाटलं, नैवेद्य आहे. मी बाजूला उभी राहिले.

"उभी का? बस. तिच्या नावाने तू जेव."

मी बसले. काका समोर बसले, त्यांच्या ताटात सकाळचा वरणभात. पण त्यांनी घास घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते. इतके दिवस टाकीकडे बघत तसेच, पुढे वाकून, श्वास धरून.

कालवणात मीठ थोडं जास्त झालं होतं. मी शिंपला उचलला, ओठाला लावला आणि ओढला.

काकांनी श्वास सोडला. मग वरणभात कालवला आणि जेवायला लागले. माझ्या ताटातले शिंपले संपले तसे ते उठले, पातेलं घेऊन माझ्याजवळ आले.

"अजून घे," ते म्हणाले. "तिने कधी मागून घेतलं नाही."

माझं पोट भरलं होतं. मी ताट पुढे केलं.