शेषेरावांचा ओटा

"ज्या गावाला प्यायला पाणी न्हाई, त्याला जिल्हा केलाच कामून?"

लातुरात पाऊल ठेवल्यापासून शेषेराव वाघमारे हा प्रश्न दिवसातून तीनदा विचारत. सकाळी पाव बादलीत अंघोळ उरकताना, दुपारी कचेरीत डबा धुवायला थेंब न मिळाल्यावर, आणि संध्याकाळी दारात उभं राहूनही गल्लीतल्या एकाही माणसानं 'कोण, कुठले' विचारलं नाही म्हणून. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. नांदेडात कशी गोदावरी उशाशी होती! बदलीच्या एका कागदानं त्यांना तिथून उचललं आणि बुधवारी औसा रस्त्याच्या एका सतरा घरांच्या गल्लीत आणून टाकलं. घरमालकानं पाण्याचं एक पिंप भरून दिलं, भाडं आगाऊ घेतलं आणि तो जो गेला तो गेलाच.

पाण्याचं दुःख एक वेळ सोसलं असतं. पण पारूबाईंनी सामान उतरवतानाच बजावून ठेवलं होतं, "पाण्याचं मी बघते. पण म्हैन्याभरात हितं बोलायला एक बाई भेटली न्हाई, तर मी चालले नांदेडला. तुमी बसा एकटे खिचडी करत."

शेषेरावांना खिचडीसुद्धा येत नव्हती. शिवाय पारूबाई जे बोलत ते करत, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. चार दिवस झाले, पारूबाई दार लावून आत बसत आणि ओठही मिटून घेत. हे बघून शेषेरावांना धास्ती वाटायची, आणि धास्ती वाटली की त्यांना राग यायचा. कसली ही माणसं! नवं बिऱ्हाड आलं तर चहा विचारायची रीत नाही?

रविवारी त्यांना उपाय सुचला. नांदेडच्या घराला ओटा होता. येणारा-जाणारा टेकायचा, पान खायचा, सुखदुःखाचं बोलायचा. इथल्या घराला ओटाच नाही, तर लोक बसणार कुठे? ओटा बांधायचा! आणि दैव असं अनुकूल की त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीबाहेर दगड पडलेलेच होते. कुणाचा काळा, कुणाचा तांबडा, एक-दोन विटा, एक उखळाचा तुकडा, सगळे कडेनं पसरलेले. "रस्त्यावर दगड टाकून ठेवतात, आणि म्हणे जिल्ह्याचं ठिकाण," असं पुटपुटत शेषेराव कामाला लागले.

मे महिन्याची दुपार. अशा उन्हात लातुरात कुत्रंदेखील सावली सोडत नाही. सारी गल्ली दारं लोटून पडली होती, त्यामुळे दगड उचलणाऱ्या शेषेरावांना कुणी पाहिलं नाही. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि एकेक दगड आत आणून डावीकडून उजवीकडे रचला. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं काढलेला माणूस तो. कागद असो की कांदे, अनुक्रम मोडलेला त्यांना खपत नसे. नऊ खाली, आठ वर. मागे मातीचा भराव, दगडांच्या फटीत गारा आणि वरून चुन्याचे तीन हात.

गाऱ्याला आणि चुन्याला पिंपातलं पाणी गेलं. पारूबाईंनी पिंपात डोकावून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या.

"पिंपात बुडाला पाणी राहिलंय. माणसं आल्यावर पाजनार काय, चुना?"

"उद्या टँकर येतोय म्हणतेत," शेषेराव म्हणाले, "तू ओटा बघ. कसा लखलखून राहिलाय!"

सोमवारी सकाळी आठला टँकरचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ जो कालवा उठला, तो थेट गंजगोलाईच्या बाजारापर्यंत ऐकू गेला असेल. शेषेराव अर्धी दाढी करून बाहेर धावले. घागरी, कळश्या, डबे घेऊन सगळी गल्ली भिंतीपाशी जमली होती आणि जो तो दुसऱ्याच्या अंगावर जात होता.

"माझा पयला नंबर हुता!" डाळमिलचा मुकादम मडिवाळप्पा ओरडत होता.

"तुझा? थोबाड बघितलंस का?" सरजाबाई नावाची म्हातारी त्याच्यापुढे कळशी नाचवत होती. "नंबर गेले म्हणून आता काय बी सांगतूस व्हय रे?"

टँकरवाला लालमहंमद स्टेअरिंगवर हात ठेवून शांतपणे बघत होता. "नंबर न्हाई तर पानी न्हाई," तो म्हणाला. "भांडनाच्या गल्लीत मी नळी खोलत न्हाई, म्हाईत हाय ना? पुढच्या गल्लीत वाटून येतो. उरलं तर उरलं." आणि खरोखरच तो टँकर घेऊन निघून गेला.

शेषेरावांना एवढंच कळलं की रातोरात कुणीतरी साऱ्या गल्लीचे नंबर चोरले. त्यांच्या डोळ्यांपुढे कचेरीतले पितळी बिल्ले आले. गरिबांचे पाण्याचे बिल्ले चोरणारा हा कोण हलकट? साबणाचा फेस तसाच ठेवून ते कडाडले, "ही फौजदारी बाब हाय! चोराला बेड्या पडल्या पायजेत! चला आत, मी आत्ता अर्ज लिहून देतो. बघतोच कोण मायचा लाल हाय तो!"

असं कुणी आपल्या बाजूनं भांडायला उभं राहिलं की माणसं बघता बघता विरघळतात. पाच मिनिटांत गल्ली शेषेरावांच्या अंगणात होती. सायकल दुकानवाला चांदपाशा, त्याची बायको गौसिया, सरजाबाई, मडिवाळप्पा, सगळे दाटीवाटीनं नव्या ओट्यावर बसले. "ओटा झकास बांधला, साब," चांदपाशा म्हणाला. पारूबाईंनी पिंप तिरकं करून उरलंसुरलं पाणी काढलं आणि चहा टाकला. गौसिया त्यांच्यामागून चुलीपाशी गेली आणि आतून चार दिवसांत पहिल्यांदा पारूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. शेषेरावांचं काळीज सुपाएवढं झालं. त्यांनी मांडीवर पाट घेतला, दौत उघडली.

"हं. एकेकानं चोरीस गेलेल्या नंबराचं वर्णन सांगा. सरजाबाई?"

"काळा. चपटा. एका कोपऱ्याला फुटका."

"वजन?"

"असंल की पाच शेर."

"पाच शेराचा बिल्ला?"

"कशाचा बिल्ला रे बाबा? दगड! टँकर गेला की ज्यानं त्यानं आपला दगड भित्तीकडंला मांडायचा. फुडच्या खेपंला त्योच नंबर. दोन साल झालं, हितं असंच चालतंय."

शेषेरावांच्या टाकातून शाईचा एक मोठा थेंब कागदावर पडला.

"माझी वीट हाय," चांदपाशा पुढे सरसावला. "वर हिरव्या रंगानं चाँद काढलाय. लिवा."

त्या चाँदावर तीनदा चुना फिरवावा लागला होता, हे शेषेरावांना चांगलंच आठवत होतं. आणि या घटकेला चांदपाशा नेमका त्याच विटेच्या वर मांडी घालून बसला होता.

"मी काय म्हणतो," शेषेरावांचा आवाज एकदम बारीक झाला, "अर्ज कशाला? घेतले असतील कुणी चुकून. देईल आणून."

"चुकून?" मडिवाळप्पा उसळला. "सतराच्या सतरा चुकून? साहेब, तुमीच म्हनलाव बेड्या घालायच्या! फौजदार माझ्या वळखीचा हाय. तुमी लिवा, मी सायकलवर जाऊन घिऊनच येतो त्याला."

आता गप्प बसणं सोपं होतं. चुना जाड होता, कुणाला काही दिसत नव्हतं, आणि आत दोन बायका हसत होत्या. शेषेरावांनी लिहायला घेतलं. 'अर्ज करण्यास कारण की, रविवार रोजी दुपारी अज्ञात इसमाने...' इथे हात थांबला. वीस वर्षांत त्यांनी कागदावर खोटं अक्षर काढलं नव्हतं. मोठमोठे साहेब बसले होते समोर, तरी काढलं नव्हतं. त्यांनी 'अज्ञात इसमाने' खोडलं, पुढची ओळ पुरी केली आणि उभं राहून सरकारी सुरात वाचलं:

"सदरहू सतरा दगड शेषेराव वाघमारे, राहणार याच गल्लीत, यांनी आपल्या घराचा ओटा बांधण्याकामी नेले."

क्षणभर कुणाला अर्थ लागला नाही. मग अख्खा ओटा एका झटक्यात रिकामा झाला.

"या मुडद्यानं आमच्या नंबरांचा ओटा केला!" सरजाबाईंनी कपाळ बडवलं. "आन् माझ्या दगडावर ह्यो मडिवाळप्पा बी बसला असंल!"

"पानी न्हाई घरात, आन् ह्या मानसानं चुना कालवला!"

"शिकलेला मानूस म्हनं!"

पारूबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कप तसेच खाली ठेवले. शेषेरावांना वाटलं, झालं. नांदेडची गाडी किती वाजता सुटते हेही मनात येऊन गेलं.

चांदपाशानं पहार आणली. ओट्याचा चुना उडाला, गारा फुटला, दगड मोकळे झाले आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दगड सापडले, पण पुढचा कोणता, मागचा कोणता? जो तो आपला दगड उचलून पहिल्या जागी ठेवायला निघाला. हे मात्र शेषेरावांना सहन होईना. चोर म्हणा, मूर्ख म्हणा, पण अनुक्रम?

"हात लावायचा न्हाई कुनी!" ते गरजले. "डाव्या हाताकडनं खालचा पयला, तो पयला नंबर. तिथून ओळीनं. वरच्या थराचा डावीकडचा, तो दहावा. मी स्वतः लावलेत!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की उचललेले दगड जिथल्या तिथे परत गेले. शेषेरावांनी स्वतः एकेक दगड उचलून भिंतीकडेला मांडला. पहिली सरजाबाई. चौथा चांदपाशा. असे पंधरा झाले, ज्याचे त्यानं ओळखले, कुणी नाक मुरडलं, पण नाही कुणी म्हणालं नाही. सोळावा एक गुळगुळीत, निळसर दगड होता. तो कुणाचाच नव्हता.

"त्यो माझा," मडिवाळप्पा म्हणाला.

"झूट!" गौसिया पुढे आली. "तुमचा सतरावा, उखळाचा तुकडा. तुमी उदगीरला लग्नाला जाऊन बेस्तवारी आले, तवा ठेवला. ह्यो सोळावा पारूभाभीचा हाय. माझ्या धुन्याचा दगड. बुधवारी त्यांचं सामान उतरत व्हतं, तवाच मी ठेवला, तुमच्या आदल्या दिशी. नव्या मानसाला काय म्हाईत आमची रीत? सांगायला येनार व्हते, पन भाभीचं दार सदा बंद. वाटलं, मोठ्या कचेरीचे लोक, आपल्याशी कशाला बोलतील."

पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेषेरावांना चार दिवसांत घातलेल्या सगळ्या शिव्या आठवल्या आणि त्यांची मान खाली गेली.

तेवढ्यात भोंगा वाजला. लालमहंमद परत आला होता. नंबर लागलेला पाहून त्यानं मुकाट्यानं नळी सोडली. सरजाबाई, दुसरा, तिसरा, चांदपाशा. पंधराव्या घरानंतर त्यानं टाकीवर थाप मारून कानोसा घेतला. "एका घरापुरतं हाय," तो म्हणाला.

पारूबाई घागर घेऊन निघाल्या, तसा मडिवाळप्पा आडवा आला. "वीस साल झालं मला या गल्लीत! आन् ही कालची आलेली मानसं माझ्या फुडं?"

शेषेरावांची मान ताडकन वर आली. गालावरचा साबण केव्हाच वाळला होता. ते सोळाव्या दगडावर पाय रोवून उभे राहिले आणि अशा आवाजात ओरडले की पार औसा रस्त्यावरचे लोक थांबले.

"ए मडिवाळप्पा! कालचा कुनाला म्हनतोस? बुधवारचा हाय मी! तू बेस्तवारचा! चल, हो मागं!"

सरजाबाई म्हणाल्या, "हाव, बराबर हाय त्याचं." आणि मडिवाळप्पा मागे झाला.